आधी उडायचं, शेवटी उतरायचं

२० जुलै २०२३ ची सकाळ. पनवेलमध्ये रात्रभर पाऊस थांबला नव्हता. दूध आणायला खाली उतरलो तर सोसायटीच्या गेटपाशी चारपाच जण एकाच मोबाइलवर वाकून उभे होते. आदल्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने चौकपर्यंत जायचं, तिथून इर्शाळगडाची वाट. इथली तरुण मुलं दर पावसाळ्यात त्या गडावर जातात, त्यामुळे ती वाडी बऱ्याच जणांनी पाहिलेली होती. वाडीला गाडीरस्ता नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातल्या एकाने मला पाहिलं आणि जवळजवळ ओरडलाच, "काका, तुम्ही हेलिकॉप्टरवाले ना? मग अजून हेलिकॉप्टर का येत नाही? झोपलेत का सगळे?"

मी वर बघितलं. प्रबळगड दिसतो ती बाजू पांढरी फट्ट होती. "ढग खाली आलेत," एवढंच म्हणालो. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही झालं नाही. दुपारी बातम्यांत आलं, हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं तयार उभी आहेत, पण हवा खराब असल्याने उडू शकत नाहीत. गेटवरच्या मंडळींना ती सरकारी सबब वाटली. मला मात्र त्या दोन यंत्रांभोवती उभे असलेले लोक दिसत होते. पावसात भिजत, दर अर्ध्या तासाने आकाशाकडे बघत, सगळं तयार असूनही काही करता न येणारे. माझी बावीस-तेवीस वर्षं त्यांच्यातच गेली. गेटवर दोन शब्दांत दिलेलं उत्तर जरा नीट द्यावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा पनवेलचाच. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, गाडी रस्त्यात बंद पडली की लोक ड्रायव्हरला आणि मेकॅनिकला मिळून शिव्या घालतात. गाडी वेळेवर पोचली तर ड्रायव्हरचे आभार मानतात. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब सांगावा तसं सांगायचे. १९८७ साली मी नौदलात भरती झालो तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, पोरगा जहाजावर तोफ चालवणार. ओडिशात चिल्का इथे सुरुवातीचं प्रशिक्षण झालं, मग कोचीला विमानाच्या इंजिनाचं काम शिकलो, आणि वाट्याला आलं चेतक हेलिकॉप्टर. सुट्टीवर आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "म्हणजे नक्की करतोस काय?" म्हटलं, "तुम्ही करता तेच. फक्त गाडी उडते." ते समाधानाने हसले.

आमची स्क्वॉड्रन ३२१ नंबरची, टोपणनाव 'एंजल्स'. १९६९ च्या मार्चमध्ये ती रीतसर उभी राहिली. तिचं मूळ थोडं आधीचं. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ ला नौदलात आली. विमानवाहू नौकेवरून विमान उडताना किंवा उतरताना समुद्रात पडलं, तर वैमानिकाला उचलायचं कोणी? जुन्या काळी त्यासाठी एक अख्खी विनाशिका मागे मागे चालवत. तिने वेग कमी करायचा, बोट सोडायची, बोटीने त्या माणसापर्यंत पोचायचं, तोवर त्याच्या नाकातोंडात पाणी. हेलिकॉप्टर आलं आणि ते काम मिनिटांवर आलं. फ्रेंच 'अलूएत-३' हे हलकं हेलिकॉप्टर आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६५ पासून बंगळुरूला बांधायला घेतलं आणि त्याला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी बंगालच्या उपसागरात केलेल्या हल्ल्यांबद्दल पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. त्याच डेकवर ही छोटी हेलिकॉप्टरंही होती. त्यांच्याबद्दल क्वचित एखादी ओळ सापडते.

पुढे माझगाव गोदीने बांधलेली नीलगिरी १९७२ साली आली. तिच्या वर्गातल्या फ्रिगेटींच्या पाठीवर चेतकसाठी छोटा हँगर होता. तेव्हापासून आमच्या कामाची रीत बसली. स्क्वॉड्रन किनाऱ्यावर राहते आणि तिचे तुकडे, म्हणजे एक-दोन हेलिकॉप्टरं, वैमानिक, पाणबुडे आणि आम्ही मेकॅनिक, जहाजांवर जातात. त्या तुकड्याला 'फ्लाइट' म्हणतात. जहाजावर आम्ही पाहुणेच. कोणत्याच जहाजाला आम्ही पूर्णपणे त्यांचे वाटत नाही, आणि हेलिकॉप्टर लागलं की मात्र सगळ्यांना आम्ही आठवतो.

चेतक पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढे काचेचं गोल तोंड, खाली तीन चाकं, वर तीन पाती, आणि एकच इंजिन. ते इंजिन उघड्यावर, पाठीवर ठेवल्यासारखं. वैमानिकासह सात माणसं बसतात. नव्या हेलिकॉप्टरांपुढे हे यंत्र म्हणजे बुलेटच्या रांगेत उभी लुना. पण जहाजाच्या चिमुकल्या डेकवर ते उतरायचं, पाती मागे दुमडून हँगरमध्ये शिरायचं, आणि आठ-दहा जणांनी ढकललं तरी हलायचं. त्यात बिघडलेलं काय आहे ते कानाने, नाकाने आणि बोटांनी कळायचं. इंजिन बंद करताना त्याचा सूर उतरत जातो, त्या उतरणीत जरा खरखर आली तरी आमचा चीफ, कोट्टायमचा एक जाडजूड मल्याळी, हातातला चहा खाली ठेवायचा.

विराट या विमानवाहू नौकेवर माझी दोन वर्षं गेली. सकाळी उड्डाणं ठरलेली असली की सी हॅरियरचे वैमानिक अजून ब्रीफिंगमध्ये असताना आम्ही डेकवर. अंधारातच सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून, खाली बघत अख्खा डेक चालून जायचा. खडा, खिळा, नट, चिंधी, जे सापडेल ते उचलायचं, कारण जेट इंजिनाने आत ओढलेला एक नटही ते इंजिन संपवतो. मग चेतकच्या साखळ्या सोडायच्या. पहिलं उड्डाण नेहमी आमचं. चेतक उडून जहाजाच्या कडेला, थोडं मागे, ठाण मांडायचं, आणि मग सी हॅरियर गर्जना करत डेकच्या टोकाच्या चढावरून आकाशात झेपावायची. डेकवरचे सगळे तिकडे बघायचे. आम्ही त्या लहान हेलिकॉप्टरकडे. शेवटचं सी हॅरियर उतरून त्याला साखळ्या लागल्या, की मग आमचं उतरणार. आधी उडायचं, शेवटी उतरायचं. स्क्वॉड्रनचं काम सांगायला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

त्या दोन वर्षांत माझ्यासमोर एकही वैमानिक पाण्यात पडला नाही. म्हणजे शेकडो वेळा आमचं हेलिकॉप्टर उडालं, घिरट्या घातल्या, आणि रिकामं परत आलं. नव्या पोरांना याचा कंटाळा यायचा. मलाही आला होता. एकदा मी चीफला म्हणालो, "रोज उठून काही न होण्याची तयारी करायची, ही काय नोकरी झाली?" तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "कुछ नहीं हुआ, ये भी लिखना पडता है." आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. उड्डाणाचा वेळ, तपासणी, सही. पुढचे सगळे दिवस मी ते 'काही झालं नाही' लिहीत राहिलो.

त्या रिकाम्या दिवसांचं खरं काम होतं खाऱ्या हवेशी. समुद्रावर उडून आलेल्या इंजिनाला गोड्या पाण्याने आंघोळ घालावी लागते, नाहीतर आतल्या पात्यांवर मीठ बसतं. मोठ्या सफरीत माणसांच्या आंघोळीचं पाणी कमी व्हायचं, इंजिनाचं कधी झालं नाही. दुसरं काम विंचचं. दाराच्या वर बसवलेल्या या यंत्रातून पोलादी तार खाली सुटते आणि माणसाला वर घेते. ती तार पूर्ण सोडायची, गोड्या पाण्याने धुवायची, आणि सुती फडक्याच्या चिमटीतून हळूहळू ओढत परत गुंडाळायची. तारेचा एखादा बारीक धागाही तुटला असेल तर फडक्यात अडकतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते फडक्याला कळतं. फडकं अडकलं की तार बाद. वरिष्ठ कितीही घाईत असोत, तिथे कोणी हुज्जत घालत नसे.

त्याच विंचला एक कटरही असतो. तार खाली कुठे अडकली आणि हेलिकॉप्टरच ओढलं जायला लागलं, तर ती तोडता यावी म्हणून. म्हणजे वाचवायची तार आणि ती तोडायची सोय, दोन्ही एकाच माणसाने, एकाच सकाळी तपासायची. पहिल्यांदा ते समजलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. नंतर सवय झाली. तरी त्या तपासणीच्या वेळी मी कधी कोणाशी बोललो नाही.

माझी एक चूकही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची. काम संपलं की हत्यारं मोजून पेटीत ठेवायची. पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा असते, ती रिकामी दिसली की हेलिकॉप्टर जमिनीवर. त्या दिवशी एक छोटा पाना सापडेना. दोन तास शोध चालला. पॅनेलं उघडली, बॅटरीच्या खाली हात घातले, दुपारची उड्डाणं गेली. शेवटी तो सापडला माझ्याच डांगरीच्या मांडीवरच्या खिशात. घामाने शर्ट चिकटला होता, खिसा चाचपायचं सुचलंच नव्हतं. वाटलं, आता शिक्षा होणार. चीफने पाना घेतला, जागेवर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, याने सांगितलं म्हणून सापडला. लपवून गुपचूप पेटीत टाकला असता तर आपल्याला कळलं नसतं, आणि उद्या खरंच हरवला तेव्हाही याने तेच केलं असतं. मग मला महिनाभर रोज सगळ्यांच्या पेट्या मोजायला लावल्या. ती शिक्षा होती की बढती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

या कामात जिवाची भीती वर उडणाऱ्यालाच असते असं नाही. फिरतं पातं दिसत नाही. हवा जराशी थरथरते, इतकंच. हेलिकॉप्टरकडे नेहमी समोरून, वैमानिकाच्या नजरेतून जायचं, मागून कधीच नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत आठवण करून देतात. ४ नोव्हेंबर २०२३ ला कोचीला, जिथे मी हे काम शिकलो त्या गरुड तळाच्या धावपट्टीवर, चेतकच्या अपघातात जमिनीवरच्या एका नौसैनिकाचा जीव गेला. बातमी चार ओळींची होती. आमच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर त्या रात्री कोणी विनोद टाकला नाही.

आता २००५ च्या पुराबद्दल. तेव्हा मी कुलाब्याच्या हेलिकॉप्टर तळावर होतो, आणि आता मीच चीफ होतो. त्या तळाचं नाव अजून शिक्रा झालं नव्हतं. ते २२ जानेवारी २००९ ला झालं. आम्ही कुंजालीच म्हणायचो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पण त्याच २४ तासांत कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नव्हता. आम्ही दुपारी नेहमीसारखा चहा घेत होतो. शहर बुडतंय हे आम्हाला फोन बंद पडायला लागले तेव्हा कळलं.

माझं घर तेव्हा गाढी नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. घरात आई, बायको आणि दोन मुलं. संध्याकाळी फोन लागला तेव्हा बायको म्हणाली, पाणी अंगणात आलंय. त्यानंतर फोन मेला तो मेलाच.

पुढचे तीन दिवस आम्ही झोपलो कधी, आठवत नाही. हवा उघडली तशी हेलिकॉप्टरं निघाली. सीटा काढून टाकल्या, आत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, औषधं. रायगडात महाडकडे जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. हेलिकॉप्टर आलं की इंधन, तेल, पाती, तार, सही, आणि पुन्हा वर. चिखलात उतरून आलेल्या चाकांमध्ये गवत अडकलेलं असायचं. ते काढताना वाटायचं, हे कुठल्या शेतातलं असेल.

दुसऱ्या दिवशी एका वैमानिकाने उतरताच मला हाक मारली. तरुण लेफ्टनंट, मी पनवेलचा हे त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "चीफ, तुमच्या गावावरून गेलो. सगळं तपकिरी आहे. छपरांवर माणसं आहेत, हात करतायत. छपरांवर आहेत म्हणजे ठीक आहेत." ते शेवटचं वाक्य त्याने माझ्यासाठी जोडलं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

मी रजा मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती, पण लोकल बंद, रस्ते बंद, जाणार कसा? आणि पुढचं हेलिकॉप्टर दहा मिनिटांत उतरणार होतं. त्या रात्री हँगरच्या पायरीवर बसलो असताना शिरढोण आठवलं. पनवेलजवळचं वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं. फडके क्रांतिकारक होण्याआधी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, ती गेली, आणि त्यातून मनात ठिणगी पडली, असं गुरुजींनी सांगितलं होतं. मी मनाशी म्हटलं, त्यांना परक्या सरकारने अडवलं होतं. मला कोणी अडवलेलं नाही. म्हणून माझ्याकडे रागावायलाही कोणी नव्हतं. ते जास्त जड गेलं.

चौथ्या दिवशी पोचलो. थोडं ट्रकने, थोडं चालत. घरात छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ उठली होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सगळ्यांना वेळेत वर घेतलं होतं. आईने मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तुझं हेलिकॉप्टर गेलं रे वरून. आम्ही हात केला."

"ते माझं नसेल, आई."

"असू दे. आम्ही केला हात."

२०१० साली निवृत्त झालो. इर्शाळवाडीच्या दिवशी गेटवरच्या त्या मुलाला जे सांगायचं राहिलं ते हेच. हेलिकॉप्टर म्हणजे आकाशातून येणारा देव नाही. डोंगरात उडताना वैमानिकाला जमीन दिसावी लागते. जुलैत सह्याद्रीवर ढग नुसता वरून जात नाही, तो उतारावर बसतो. डोंगराच्या आडोशाला वारा अचानक खाली दाबतो. दमट, उष्ण हवेत एका जागी तरंगायला इंजिनाला जास्त जोर लागतो, म्हणून माणसं कमी घेता येतात. आणि उतरायला सपाट जागा हवी. त्या रात्री मदतीला जे पोचले ते पायी चढून गेले. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराने गेला. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. त्या आकड्यांपुढे ढगाचं कारण कोणाला सांगायला जीभ रेटत नाही. पण चुकीच्या हवेत उडालेलं हेलिकॉप्टर स्वतःच दुसरा अपघात होतं, आणि मग वाचवायला आलेल्यांनाच वाचवावं लागतं. न उडण्याचा निर्णयही त्याच कामाचा भाग असतो. तो घेणाऱ्याला त्या रात्री झोप लागत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

आता आमच्या डोक्यावरून विमानं जातात. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरअखेर प्रवासी विमानं सुरू झाली. सोसायटीतली मुलं विचारतात, पायलट व्हायला काय करावं लागतं, केबिन क्रूसाठी कुठला कोर्स. मेकॅनिक व्हायचंय असं विचारत अजून कोणी आलेलं नाही. मी वाट बघतोय. माझ्या वडिलांचा पान्यांचा संच कपाटात तेल लावून ठेवलाय.

तोवर दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, डोंगरालगतच्या वाड्यांमध्ये बोलावतील तिथे मी अर्धा तास बोलायला जातो. स्क्वॉड्रनचा इतिहास सांगत नाही. एवढंच सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो. पावसाळ्यात हेलिकॉप्टरवर विसंबू नका. भेगा दिसल्या, झरे गढूळ झाले की रात्र व्हायची वाट न बघता वाडी सोडा. हेलिकॉप्टर आलंच, तर मैदानातले पत्रे, ताडपत्र्या, छत्र्या आधी बाजूला करा. पोरांना हाताला धरा. मागच्या बाजूने कधीही जाऊ नका. समोर उभे राहा आणि आतला माणूस बोलावेल तेव्हाच वाकून पुढे व्हा. वरून तार सोडली तर झडप घालून धरू नका. उडत्या हेलिकॉप्टरमध्ये वीज साठते, पहिल्यांदा हात लावणाऱ्याला जोराचा झटका बसतो.

हुक आधी जमिनीला टेकू द्या. मग धरा. तार कोणीतरी सकाळीच तपासलेली असते.